निघून गेलेले प्रवासी

डेपोत त्यांना सगळे काटे म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण बावीस वर्षं बसचं वेळापत्रक लिहिणाऱ्या माणसाला घड्याळाच्या काट्यांवरून नाव पडणार नाही तर काय? चौदा नंबरची बस बाजाराच्या थांब्यावर कधी येते, हे काट्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं, आणि वर 'यायला पाहिजे कधी आणि येते कधी' असा फरकही सांगितला असता.

एका सोमवारी डेपोच्या साहेबांनी त्यांना बोलावलं.

"वाहतूक नियोजनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. दोन वर्षं, दर शनिवारी. डेपोतून एक नाव पाठवायचं होतं. मी तुमचं दिलं."

"साहेब, माझं वय एकोणपन्नास आहे."

"मग आणखी कशाची वाट बघताय?"

पुढच्या शनिवारी ते नवी वही आणि दोन पेनं घेऊन वर्गात जाऊन बसले. एकूण चौदा जण होते आणि त्यातले बारा त्यांच्या भाच्यांच्या वयाचे. मॅडम आल्या, नाव-गाव विचारण्यात पाच मिनिटं घालवली आणि प्रत्येकाच्या हातात अठ्ठावीस पानांचा एक शोधनिबंध ठेवला. निबंधाचं नुसतं शीर्षकच तीन ओळींचं होतं.

"हा वाचा आणि दोन पानं लिहून आणा," मॅडम म्हणाल्या. "दोन आठवडे आहेत."

रविवारी जेवणाच्या टेबलावर काट्यांनी निबंध पसरला आणि महत्त्वाच्या ओळी रंगवायला पिवळं पेन काढलं. अडचण अशी की सगळंच महत्त्वाचं वाटत होतं. एकेक वाक्य इतकं लांब की क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर कर्ता कोण होता हे विसरायला व्हायचं. मग परत मागे जायचं, कर्ता शोधायचा आणि खात्रीसाठी तो रंगवायचा. सहाव्या पानावर पांढरा भाग शोधावा लागत होता.

त्यांची बायको औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. ती पाणी प्यायला आली आणि टेबलापाशी थबकली.

"अहो, या कागदांना कावीळ झालीय का?"

काट्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तेराव्या दिवशी त्यांनी दोन पानं लिहून पूर्ण केली. खरं तर ती चार पानं होती, पण अक्षर बारीक करून त्यांनी ती दोनांत कोंबली होती. निबंधात जे जे रंगवलं होतं ते सगळं त्यांत आलं होतं. ज्या थांब्यावर 'पुढची बस इतक्या मिनिटांत' असं दाखवणारी पाटी असते, तिथे लोकांना वाट बघणं कमी जाचक वाटतं, आणि बस थोड्या कमी केल्या तरी ते समाधानी राहतात, असा एकंदर मजकूर होता.

कागद परत आला तेव्हा त्यावर गुण नव्हते. खाली एकच ओळ होती: 'हे सगळं लेखकांनी म्हटलेलं आहे. तुम्ही काय म्हणता?'

काट्यांना ते फार लागलं. त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांची मोठी बहीण राहायची. लहानपणापासून कुठेही ठेच लागली की काटे तिच्याकडेच जात आले होते. ताई चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार जे बोलेल ते शब्द न् शब्द टिपून घ्यायचं, हे तिचं काम. निवृत्त झाली तरी समोरचा माणूस बोलायला लागला की तिची बोटं आपोआप हलायची.

"मी काय म्हणणार, ताई?" काटे म्हणाले. "तीन डॉक्टरेटवाल्यांनी मिळून लिहिलंय. त्यात मी कोण टिकोजीराव?"

ताईने निबंध हातात घेतला, वजन केल्यासारखा वर-खाली केला. "उद्या सकाळी सहाला ये. आणि ते पिवळं पेन खालीच ठेवून ये."

सकाळी सहाला ताई पेन्सिल घेऊन तयार होती.

"यांचं म्हणणं काय आहे ते एका वाक्यात सांग."

काट्यांनी सुरुवात केली. चौथ्या वाक्याला ताईने हात वर केला. "एका वाक्यात म्हटलं मी."

काट्यांनी डोकं खाजवलं. "बस कधी येणार हे कळलं, तर ती उशिरा आली तरी लोक फारसे कुरकुरत नाहीत."

"आता कसं! आणि हे कशावरून म्हणतात?"

"त्यांनी लोकांना विचारलं."

"कोणत्या लोकांना?"

"प्रवाशांना."

"कोणत्या प्रवाशांना? कुठे? किती वाजता?"

काटे पानं चाळायला लागले. सगळंच पिवळं असल्यामुळे काहीच सापडेना. शेवटी नवव्या पानावर एका परिच्छेदाच्या पोटात मिळालं. बारा थांबे, सगळे छप्पर आणि बाक असलेले. वेळ सकाळी दहा ते दुपारी चार.

"म्हणजे गर्दीची वेळ नाहीच," काटे म्हणाले.

"लिही ते. वेगळ्या कागदावर. पण कागदाच्या मधोमध एक रेघ मार. डावीकडे त्यांचं म्हणणं, उजवीकडे तुझं. दोन्हीची खिचडी करू नकोस, नाहीतर उद्या तुलाच कळायचं नाही कोण काय बोललं." ताईने चष्मा पुसला. "हे बघ, साक्षीदार खोटं बोलतो असं दर वेळी नसतं. त्याला त्याच्या खिडकीतून जेवढं दिसलं तेवढं तो सांगतो. खिडकी कुठे होती ते आपण विचारायचं."

तासभर ती दोघं खिडकी शोधत होती. चौदाव्या पानावर काटे एकदम थांबले.

"ताई, यांनी थांब्यावर उभे असलेल्यांनाच विचारलंय."

"मग कोणाला विचारणार? घरी झोपलेल्यांना?"

"अगं, तसं नाही. बाजाराच्या थांब्यावर मी कितीदा उभा राहिलोय. एखादी बाई दोन पिशव्या घेऊन येते, पाच मिनिटं थांबते, दहा थांबते, मग सुस्कारा टाकते आणि चालायला लागते. ती कुठेच मोजली जात नाही! तिकिटात नाही, तक्रारवहीत नाही, या निबंधातही नाही. जे कंटाळून निघून गेले त्यांना वगळून उरलेल्यांना विचारलं, समाधानी आहात का? उरलेले म्हणणारच, हो!"

ताईने भावाकडे नीट पाहिलं. दहावीत गणितात पहिला आला तेव्हा तो असाच लाल झाला होता. "हे कोणाचं म्हणणं?"

"माझं."

"मग उजवीकडे लिही."

काट्यांनी लिहिलं. उजवी बाजू भरली, पान उलटलं, मागची बाजूही भरली. उरलेल्या निबंधाकडे त्यांनी पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. घबाड सापडल्यावर कोण खणत बसतो? मॅडमनी नवी दोन पानं वाचली आणि 'पुढच्या शनिवारी वर्गापुढे मांडा' असा शेरा दिला.

त्या आठवड्यात काट्यांचे पाय जमिनीवर नव्हते. लिफ्ट नेहमीच बंद असते असं शेजारी म्हणाले, तर काट्यांनी विचारलं, "नेहमी म्हणजे? कोणत्या कालावधीत?" नाक्यावर रोज कोंडी होते असं एक ड्रायव्हर म्हणाला, तर त्याला किती दिवस मोजलं ते विचारलं. ड्रायव्हरने बोलणंच टाकलं. घरी बायकोने पित्ताची गोळी पुढे केली.

"ही कोणावर तपासलीय?"

"तुमच्यावर. आत्ता. गिळा."

त्यांनी गिळली. पण खोड जाईना. बायको सहज म्हणाली की आपलं तसं बरं चाललंय, तर यांनी "बरं म्हणजे कशाच्या तुलनेत?" असं विचारलं. तिने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"अहो, चोवीस वर्षं झाली लग्नाला. मी समाधानी आहे असं म्हणते. पण मी अजून थांब्यावर उभी आहे म्हणून मला विचारताय, एवढं ध्यानात ठेवा."

काट्यांनी टॉवेल उचलला आणि ताटं पुसायला घेतली.

नेमकं त्याच आठवड्यात डेपोत एक पत्रक आलं. चौदा नंबरच्या मार्गावर वेळ दाखवणाऱ्या पाट्या लावायच्या आणि सकाळी सात ते नऊमधल्या तीन फेऱ्या कमी करायच्या. खाली आधार म्हणून तोच निबंध दिलेला. काटे तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, तो निबंध भंगारात टाका."

"असं?" साहेबांनी भुवया वर केल्या. "मग महिनाअखेरपर्यंत कारणं लेखी द्या."

शनिवारी काटे वर्गापुढे उभे राहिले. दोन पिशव्यावाल्या बाईची गोष्ट त्यांनी अशी रंगवून सांगितली की मागच्या बाकावरचे दोघे झोपाळूही जागे झाले. टाळ्या पडल्या. मग खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला. ती नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती. वर्गात तिला सगळे नकाशेवाली म्हणत.

"काका, पान सव्वीस बघितलंत?"

"सव्वीस?"

"परिशिष्ट. निघून जाणाऱ्यांना त्यांनी मोजलंय. बारापैकी चार थांब्यांवर, एक आठवडा. पाटी नव्हती तेव्हा शंभरातले नऊ निघून जायचे, पाटी लावल्यावर सहा. आणि बाविसाव्या पानावर त्यांनीच लिहिलंय की सकाळच्या गर्दीचा अभ्यास केलेला नाही, तेव्हा हे निष्कर्ष त्या वेळेला लावू नयेत."

काट्यांनी पान सव्वीस उघडलं. ते कोरं, स्वच्छ होतं. पिवळ्या पेनाची शाई विसाव्या पानालाच संपली होती, आणि पेन्सिल तर चौदाच्या पुढे गेलीच नव्हती. वर्गात कोणी हसलं नाही, त्यामुळे जास्तच अवघडल्यासारखं झालं.

वर्ग सुटल्यावर मॅडम त्यांच्या बाकापाशी आल्या. "निघून गेलेल्यांचा प्रश्न फार चांगला होता," त्या म्हणाल्या. "माझ्या दहा वर्षांत कोणी विचारला नव्हता. पण काय झालं सांगू का? पहिल्यांदा तुम्ही लेखकांचं सगळं खरं मानलंत, दुसऱ्यांदा सगळं खोटं. दोन्ही वेळा त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं नाहीत."

काटे मान खाली घालून घरी आले आणि थेट दुसऱ्या मजल्यावर गेले. ताईकडून सहानुभूती मिळेल अशी अंधुक आशा होती.

"परिशिष्ट वाचलं नाहीस?" ताई ओरडलीच. "अरे, कोर्टात निम्मे खटले परिशिष्टात असतात!" मग तिचा आवाज उतरला. "पण मीही पुढची पानं उलटली नाहीत. तुझा तो लाल चेहरा बघून मलाच हुरूप आला. चूक माझीही आहे."

ताईने चूक कबूल केल्याचं काट्यांच्या आठवणीतलं हे पहिलंच उदाहरण. त्याने त्यांना जरा बरं वाटलं. पण महिनाअखेर बारा दिवसांवर होती आणि साहेबांना द्यायला कागद कोरा होता.

पुढच्या शनिवारपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. त्यांनी नकाशेवालीला फोन केला. तिला वाटलं काका रागावले असतील, पण काटे म्हणाले, "मला तक्ते वाचता येत नाहीत. तुला येतात. मला थांबे माहीत आहेत. बसूया का?"

गुरुवारी संध्याकाळी ती दोघं ग्रंथालयाच्या मागच्या टेबलाशी बसली. या वेळी शेवटच्या पानापासून सुरुवात केली. नकाशेवाली आकड्यांवर बोट ठेवून सांगत होती, काटे प्रश्न विचारत होते.

"हे नवाचे सहा झाले, ते चारही थांब्यांवर का?"

"नाही. ही सरासरी आहे. तीन थांब्यांवर कमी झालेत. चौथ्यावर..." तिचं बोट थांबलं. "काका, चौथ्यावर उलट वाढलेत. सातावरून अकरा."

"तिथे बस किती वेळाने येते?"

तिने दोन पानं मागे जाऊन शोधलं. "अठरा मिनिटांनी. बाकी तीन थांब्यांवर आठ ते दहा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काटे हळूच म्हणाले, "म्हणजे पाटीने खरं सांगितलं की माणूस तिथल्या तिथे हिशेब करतो. आठ मिनिटं असली तर थांबतो. अठरा दिसली की पाय उचलतो. पाटी नव्हती तेव्हा बिचारा आशेवर उभा राहायचा."

"असं त्यांनी म्हटलेलं नाही," नकाशेवाली म्हणाली. "त्यांनी फक्त 'चौथ्या थांब्यावर वेगळं चित्र दिसलं' एवढंच लिहिलंय."

"बरोबर. ते त्यांचं, हे आपलं. आणि आपलं बरोबर आहे का हे अजून ठाऊक नाही."

ते ठाऊक करून घ्यायला मंगळवारी आणि बुधवारी सकाळी सात ते नऊ तिघंही बाजाराच्या थांब्यावर हजर राहिली. ताई घडीच्या स्टुलावर, मांडीवर वही. नकाशेवाली किती आले ते मोजायची, काटे किती निघून गेले ते मोजायचे, आणि ताई लोकांचं बोलणं लघुलिपीत टिपायची. एका गृहस्थांनी डेपोविषयी जे मत व्यक्त केलं ते तिने तंतोतंत घेतलं, पण भावाला वाचून दाखवायला नकार दिला.

मंगळवारी बस बारा-बारा मिनिटांनी येत राहिल्या. शंभरातले चार-पाच निघून जात होते. काट्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं होतं त्याच्या निम्मेही नव्हते. बुधवारी एक बस वाटेत बंद पडली आणि चोवीस मिनिटांचं खिंडार पडलं. बस बंद पडल्याचं काट्यांनी फोनवरून डेपोला विचारून घेतलं आणि थांब्यावर सगळ्यांना सांगितलं. तेवढ्या वेळात एकसष्ट जण आले होते. तेवीस निघून गेले.

"तेवीस!" नकाशेवाली आनंदाने म्हणाली आणि लगेच ओशाळली, कारण समोरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पायीच निघाले होते.

काट्यांनी एक पान लिहिलं. अक्षर मोठं ठेवलं. निबंध काय म्हणतो, तो कशाबद्दल काहीच म्हणत नाही, आपल्याला थांब्यावर काय दिसलं, असं एकेक करत त्यांनी मांडलं. शेवटचा परिच्छेद लिहिताना पेन जरा अडखळलं, पण लिहिला: 'हे फक्त दोन दिवसांचं आणि एका थांब्याचं आहे. चोवीस मिनिटांचं खिंडार एकदाच पडलं, तेही बस बंद पडल्यामुळे, आणि लोकांना ते पाटीने नव्हे, माणसाने सांगितलं. त्यावरून सगळ्या मार्गाबद्दल ठाम विधान करता येणार नाही.'

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "गेल्या वेळी भंगारात टाका म्हणालात."

"गेल्या वेळी मी निम्माच वाचला होता, साहेब."

"मग मी करू काय? हो की नाही ते सांगा. इथे वकिली नको."

"पाट्या लावा. फेऱ्या एकदम तीन काढू नका. एकच काढा, सात चाळीसची. दीड महिना बघा आणि निघून जाणारे मोजा. उरलेल्या दोन फेऱ्यांचं त्यानंतर ठरवा."

साहेबांनी खूप वेळ पेनाची टोपी लावली-काढली. "मोजणार कोण?"

"मी उभा राहतो."

दीड महिना काटे आठवड्यातून तीन सकाळी नव्या पाटीखाली वही घेऊन उभे राहिले. पहिल्या आठवड्यात सात चाळीसच्या रिकाम्या वेळात बरेच जण निघून गेले आणि काट्यांना आतून जरा गुदगुल्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात संख्या घटली. चौथ्यापर्यंत ती जवळजवळ पूर्वीइतकीच झाली. लोकांनी पाटी बघून आपली सवय बदलली होती आणि बहुतेक जण आधीची सात अठ्ठावीसची बस पकडत होते. ती बस भरून जात होती, पण मागे कोणी राहत नव्हतं. काट्यांचा अंदाज या फेरीपुरता साफ चुकला होता.

ते वही उघडून टेबलाशी बसले. वहीतला पहिला आठवडा तेवढा ठळकपणे दाखवला असता, तर साहेबांनी मान डोलावली असती. त्यांनी सहाही आठवड्यांचा तक्ता लावला आणि खाली लिहिलं: 'सात चाळीसच्या फेरीबाबत माझा अंदाज चुकीचा ठरला. ही फेरी बंद ठेवायला हरकत नाही. परंतु उरलेल्या दोन फेऱ्यांच्या आधीच्या बस आत्ताच खचाखच भरलेल्या असतात, म्हणून त्या काढू नयेत.'

साहेबांनी त्या दोन फेऱ्या ठेवल्या. कागदावर सही करताना ते म्हणाले, "माणूस स्वतःच्या विरुद्ध लिहितो हे मी पहिल्यांदा बघतोय." काट्यांना ही स्तुती आहे की चेष्टा हे कळलं नाही. नकाशेवालीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "काका, तो तक्ता मला पाठवा. रंग द्यायला हवेत." मॅडमनी पहिल्या सत्राला एकसष्ट गुण दिले आणि पुढच्या सत्रासाठी चोपन्न पानांचा मजकूर हातात ठेवला.

संध्याकाळी काट्यांनी अहवालाची प्रत बायकोला वाचायला दिली. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, तक्त्यासकट.

"'माझा अंदाज चुकीचा ठरला'," तिने मोठ्याने वाचलं. "अहो, हे तुम्ही लिहिलंत? सहीनिशी?"

"हो."

"तारीखही आहे खाली."

"असते की."

"ही प्रत मला ठेवू द्या," ती म्हणाली, उठली, आणि फ्रिजच्या दारावर मधोमध, कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही अशा जागी, तिने तो कागद चुंबकाने लावून टाकला.